लंडन, मुंबई, मेलबर्न आणि खिशातला वेप

टेम्सकाठचा पेठकर
मंडळी, थोडी मदत हवी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाला जायचं घाटतंय. मेव्हणा मेलबर्नला तारनीटमध्ये स्थायिक आहे आणि सासरेबुवांना आयुष्यात एकदा एमसीजीच्या मैदानावर बॉक्सिंग डे टेस्ट (२६ डिसेंबरला सुरू होते ती) बघायची आहे. यंदा ॲशेस, म्हणजे निमित्तही तयार. पुढे ग्रेट ओशन रोड, मग सिडनी, ब्लू माउंटन्स आणि जमलं तर केर्न्स.

बेत असा की आम्ही दोघं लंडनहून मुंबईला उतरणार, पुण्याला आईबाबांकडे थोडे दिवस, मग डोंबिवलीतून सासूसासऱ्यांना घेऊन सिंगापूरमार्गे मेलबर्न. परतीचीही वाट तीच. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

अडचण माझी आहे. सिगारेट सुटली ती वेपमुळे (ई-सिगारेट, निकोटिनच्या लिक्विडची वाफ ओढायची ती), आणि आता वेप सुटत नाही. भरता येणारा पॉड (लिक्विडची छोटी टाकी), मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिनचं लिक्विड, पुदिना. एक जण म्हणतो ऑस्ट्रेलियात वेपवर बंदी आहे, दुसरा म्हणतो गल्लोगल्ली मिळतं, तिसरा म्हणतो विमानतळावरच धरतात. खरं काय? किती नेता येतं, संपलं तर काय, आणि ओढायचं कुठे? सासूबाईंना हे प्रकरण ठाऊक नाही, ते तसंच राहावं ही इच्छा.

ता.क. 'सोडून द्या' असा सल्ला देणाऱ्यांचे आधीच आभार. तो घरी रोज मिळतो.

शुद्ध तुपातला
सोडून द्या.

अर्धा कप
सलामीलाच षटकार! धागा शंभरी गाठणार, मी खुर्ची टाकून बसलोय.

खोडरबर
पेठकर, तुमचे तिघेही खरं बोलतायत, प्रत्येकाने आपापल्या सोयीचा तुकडा उचललाय एवढंच. क्रमाने सांगतो.

१ जानेवारी २०२४ पासून एकदा वापरून फेकायच्या वेपची आयात ऑस्ट्रेलियाने बंद केली. १ मार्च २०२४ पासून बाकीच्या वेपवरही तीच पाळी आली आणि परदेशातून ऑनलाइन मागवून पोस्टाने आणायची सोय संपली. १ जुलै २०२४ पासून विक्री फक्त औषधाच्या दुकानात. लंडनला हाय स्ट्रीटवर दिव्यांनी लखलखणारी वेपची दुकानं दिसतात, तसली तिथे कायद्याने असू शकत नाहीत.

प्रवाशाला मात्र सूट आहे. स्वतःच्या वापरासाठी, स्वतःच्या सामानात, त्याच विमानातून आणलेले जास्तीत जास्त २ वेप, पॉड-काडतुसं वगैरे मिळून २० नग आणि २०० मिलिलिटर लिक्विड. ब्रिटनमध्ये निकोटिनचं लिक्विड १० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत विकत नाहीत, म्हणजे तुमच्या हिशेबाने वीस बाटल्या. तेवढ्यात तुमचा मुक्काम संपून पुढचा पावसाळा उजाडेल. मेव्हण्याला भेट म्हणून मात्र एकही नेऊ नका, ही सूट वाटण्यासाठी नाही.

विमानात एक फॉर्म भरायला देतात. त्यातल्या ज्या प्रश्नाला उत्तर देताना मन चाचरेल तिथे 'हो'वर खूण करायची आणि उतरल्यावर अधिकाऱ्याला सांगायचं. सांगितल्यावर फार तर वस्तू ठेवून घेतात. 'नाही' लिहून सापडलात तर प्रकरण वाढतं.

टेम्सकाठचा पेठकर
खोडरबर, साष्टांग! म्हणजे २, २० आणि २००. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मग संपण्याचा प्रश्नच येत नाही. तिकिटं काढतो.

चांगीचा चंद्या
थांबा, थांबा, तिकिटं काढू नका! तुम्ही सगळे मेलबर्नच्या कस्टम्सकडे डोळे लावून बसलात. वाटेत आमचं गाव आहे ते विसरलात का?

सिंगापुरात १ फेब्रुवारी २०१८ पासून वेप नुसता जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे. विकणं, आणणं, ओढणं तर आहेच. आणि यंदा वातावरण फार तापलंय. इथे वेपमध्ये इटोमिडेट घालून विकायला लागले. इटोमिडेट म्हणजे भूल देताना वापरतात ते औषध. पोरं रस्त्यात झिंगून पडायला लागली, तसं सरकारने १ सप्टेंबर २०२५ पासून ते अमली पदार्थांच्या यादीत टाकलं आणि सगळेच दंड वाढवले. साधा वेप पहिल्यांदा सापडला तरी प्रौढाला ७०० डॉलर, आमचे सिंगापूरचे. परदेशी माणूस पुन्हा सापडला तर हकालपट्टी आणि परत यायला बंदी इथपर्यंत जातं.

'मी तर फक्त विमान बदलतोय' हे कोणी ऐकून घेईल अशा भरवशावर राहू नका. चांगी विमानतळावर विमानात चढण्याआधी गेटपाशी बॅग पुन्हा स्कॅन होते. सासूसासऱ्यांच्या समोर ती बॅग उघडली गेली तर सातशे डॉलर हा तुमच्या नुकसानीतला सगळ्यात छोटा आकडा असेल.

अर्धा कप
=))
सासूबाई: "जावईबापू, हा पेन ड्राइव्ह का हो काढून घेतला त्यांनी?"

खोडरबर
चंद्या, बरं झालं आलास. आणि पेठकर, सिंगापूरच्याही आधी मुंबई आहे. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढच्या वेळी तीन वर्षं आणि पाच लाख. नुसत्या साठ्यालाही सहा महिने किंवा पन्नास हजारांपर्यंत.

पुण्यातल्या टपरीवर काउंटरखालून मिळतो हे मला माहीत आहे, सांगायला येऊ नका. तुम्ही लंडनहून बॅगेत घालून सहार विमानतळाबाहेर पडलात की ती आयात झाली, आणि तोच घेऊन मेलबर्नला निघालात की निर्यात. एका वेपवर दोन गुन्हे.

टेम्सकाठचा पेठकर
अरे देवा. म्हणजे जिथे जायचंय तिथे चालतं, वाटेतल्या दोन्ही ठिकाणी चालत नाही. एक पर्याय सुचतोय. मी एकटा लंडनहून दुबईमार्गे थेट मेलबर्न गाठतो. बायको मुंबईला जाऊन आईवडिलांना घेऊन सिंगापूरमार्गे येईल. दुबईत चालतं ना?

चांगीचा चंद्या
अमिरातीत २०१९ पासून विक्री कायदेशीर आहे, त्या वाटेने डोक्याला ताप कमी. दोहा नको, कतारमध्ये बंदी आहे. बँकॉक तर अजिबात नको, थायलंडमध्ये आयातीला २०१४ पासून बंदी आहे आणि तिथे पर्यटकांना धरल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. हाँगकाँगनेही २०२२ मध्ये आयात बंद केली. थोडक्यात, मुंबईहून ऑस्ट्रेलियाला जाताना स्वस्त तिकिटं ज्या गावांतून मिळतात, त्यातल्या बहुतेक गावांत तुमचं हे खेळणं चालत नाही.

टेम्सकाठचा पेठकर
बायकोला विचारलं. "वेपसाठी नवरा वेगळ्या विमानाने आला असं आईला सांगू का?" एवढंच म्हणाली. पर्याय बाद.

विहिणबाई
नमस्कार. मी या धाग्यावर चुकून आले, पण आमच्या ह्यांचा प्रश्न इथेच बसेल असं वाटलं. फेब्रुवारीत लेकीकडे सिडनीला जायचंय. ह्यांना जेवणानंतर तंबाखू लागते, गायछाप. लेक म्हणते एकही पुडी आणू नका, हे म्हणतात पुडीशिवाय येत नाही. कोणाचं ऐकू? शिवाय सुपारी, विड्याची पानं आणि कैरीचं लोणचं असणारच आहे.

खोडरबर
काकू, काकांना दिलासा द्या. १८ वर्षांवरच्या प्रत्येकाला २५ ग्रॅम तंबाखू करमुक्त नेता येते, कुठल्याही रूपातली. सिगारेटच असेल तर २५ नगांपर्यंतचं एक बंद पाकीट आणि वर हातातलं एक उघडं. पण मर्यादा ओलांडली तर वरच्या ग्रॅमवर कर लागतो असं समजू नका, सगळ्या तंबाखूवर लागतो. आणि तिथला दर किलोला दोन हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे! पुड्या मोजून न्या, पाकिटावरचं वजन वाचा. तिथे दुकानात चघळायची तंबाखू विकायलाच परवानगी नाही, त्यामुळे काकांनी पुरवून खावी.

विड्याची पानं नकोत, ताजा पाला ते आत येऊ देत नाहीत. सुपारीवर निर्बंध आहेत, तीही घरीच राहू दे. लोणचं फॉर्मवर दाखवा. बाटली बंद, विकतची, नाव-गाव छापलेली असेल तर बरं पडतं. घरचं असेल तर लेकीच्या नशिबावर सोडा.

विहिणबाई
हे म्हणतात, २५ ग्रॅम म्हणजे दोन दिवस. मी म्हणाले, मग दोन दिवस राहून या परत.

अर्धा कप
काकू, तुम्ही रोज लिहीत जा इथे.

मेपलपाक
मी टोरंटोहून. जानेवारीत व्हँकुव्हर ते सिडनी थेट विमान आहे, मध्ये कुठलाच देश नाही. म्हणजे ती २-२०-२०० ची सूट माझ्या कामाची. भरायचं कसं? मागे एकदा बॅग उघडली तर सगळे कपडे स्ट्रॉबेरीच्या वासाचे झाले होते.

तारनीट तात्या
मेपलपाक, वेपचं यंत्र आणि सुट्या बॅटऱ्या नेहमी हातातल्या बॅगेत. खाली चेक-इनच्या बॅगेत लिथियम बॅटरी ठेवलीत तर बॅग अडते, कधी तुम्हाला परत बोलावतात. लिक्विडचं उलट आहे. जास्तीच्या बाटल्या चेक-इनमध्ये चालतात. हातातल्या बॅगेत न्यायच्या तर १०० मिलिलिटरचा नियम आणि ती पारदर्शक पिशवी आलीच. तुमच्या कपड्यांना वास लागला तो अर्धवट भरलेल्या टाकीमुळे. विमान वर गेलं की केबिनचा दाब उतरतो, टाकीतली हवा फुगते आणि लिक्विडला खालच्या भोकातून ढकलते. निघण्याआधी टाकी रिकामी करून पुसून घ्या, पॉड काढून वेगळ्या झिपच्या पिशवीत उभा ठेवा. विमानात चार्ज करायचा नाही, आणि संडासात जाऊन ओढायचा विचार मनातही आणायचा नाही. तिथला धूरशोधक वेपची वाफही पकडतो.

आता पेठकरांसाठी मेलबर्नची हकीकत. 'गल्लोगल्ली मिळतं' हेही खोटं नाही. आमच्याकडे बिस्किटं-चिप्सच्या दुकानात काउंटरखालून आंबा, कलिंगड, हवी ती चव निघते. सिगारेटचं पाकीट इथे चाळीस-पन्नास डॉलरला, त्यामुळे चोरट्या मालाला गिऱ्हाईक कायम. पण त्या धंद्यामागे टोळ्या आहेत. २०२३ पासून व्हिक्टोरियात तंबाखूची दुकानं पेटवून द्यायचं सत्र चालू आहे, शंभराच्या वर घटना झाल्या. आमच्या बाजूचं एक दुकान पहाटे जळालं, शेजारच्या न्हाव्याचं काही देणंघेणं नसताना त्याचीही काच आणि आरसे गेले. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे, एक नग घेणाऱ्याच्या मागे सहसा कोणी लागत नाही. तरी त्या नळीत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. चंद्याने वर इटोमिडेटचं सांगितलंच आहे. पाहुणे म्हणून आलात, त्या वाटेला जाऊ नका.

शुद्ध तुपातला
एवढे कायदे वाचण्यापेक्षा सोडणं सोपं नाही का? खरंच विचारतोय, टोमणा नाही.

भूलवैद्य
तुपातले, सोपं असतं तर माझ्या ओपीडीत निम्मी गर्दी कमी झाली असती. निकोटिन तोडलं की पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप नाही, भूक वाढते. पेठकर नेमके ते दिवस सासूबाईंच्या शेजारच्या सीटवर काढणार.

पेठकर, तुमचा मार्ग बदलत नसेल तर भारतात आणि विमानात निकोटिनचा च्युइंगम आणि पॅच (कातडीला चिकटवायची निकोटिनची पट्टी) वापरा. दोन्ही सिंगापूरच्या वेपच्या कायद्यात येत नाहीत, तरी सिंगापुरात साधा च्युइंगमदेखील आणायला बंदी असते, औषधी गमचे नियम वेगळे. म्हणून त्या टप्प्यापुरता नुसता पॅच ठेवा, वाद नको. तुमच्या डॉक्टरांशी बोलून योग्य ताकदीचा पॅच ठरवा, हृदयाचा काही त्रास असेल तर आधी सांगा.

गमबद्दल एक गोष्ट लोकांना कोणी सांगत नाही. तो साध्या च्युइंगमसारखा सतत चावायचा नसतो. थोडा चावला की जीभ चुरचुरते, लगेच आपले आजोबा तंबाखूची गोळी ठेवायचे तसा गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. चुरचुर कमी झाली की पुन्हा दोन-चारदा चावायचा. सतत चावला तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि तलफ जशीच्या तशी राहते. शिवाय गमच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी, कोला, संत्र्याचा रस नको. आम्लामुळे तोंडातून शोषण होत नाही. पुण्यात दिवसभर चहा-कॉफी पुढे येणार, तेव्हा हे लक्षात ठेवा.

टेम्सकाठचा पेठकर
डॉक्टर, हे मला लंडनमध्येसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं. मी तो गम एकदा चणे खाल्ल्यासारखा खाल्ला आणि फेकून दिला.

म्हणजे आता असं दिसतंय की वेप लंडनलाच ठेवायचा, पुणे आणि प्रवास पॅचवर काढायचा आणि मेलबर्नला औषधाच्या दुकानातून घ्यायचा. तिथे मिळतो का पण? पासपोर्ट भारतीय, पत्ता लंडनचा, मुक्काम मेव्हण्याकडे.

गोळीवाली
मिळू शकतो. मी सिडनीत हॅरिस पार्कच्या जवळ फार्मसिस्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून १८ वर्षांवरच्या माणसाला मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंतचं निकोटिन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येतं, पण फार्मसिस्टने स्वतः बोलून, तपासून. त्याहून तीव्र हवं तर चिठ्ठी. तस्मानिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात राज्याचा नियम जास्त कडक, तिथे चिठ्ठी लागतेच. कोणाचा पर्थचा बेत असेल तर ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरचीच चिठ्ठी घ्यावी लागेल.

आता दुकानात काय होतं ते. रॅकवर तुम्हाला काहीही दिसणार नाही, मांडून ठेवायला परवानगी नाही. तुम्ही काउंटरवर हळूच विचारता. सगळे हळूच विचारतात, आपली माणसं तर मागे कोणी ओळखीचं नाही ना बघून विचारतात. मी पासपोर्ट बघते आणि बाजूच्या छोट्या खोलीत बसवते. आधी सिगारेट किती होत्या, आता किती ओढता, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दम लागतो का, पॅच-गम करून झालं का. सोडायचा विचार आहे का, हेही विचारते. (तुपातले, तुमचं काम इकडे मी करते.) सगळं नोंदवते आणि मग जास्तीत जास्त एक महिन्याला पुरेल इतकाच माल. खोका औषधासारखा साधा. चव पुदिना, मेंथॉल किंवा तंबाखू, बस. पेठकर पुदिनावाले आहेत म्हणून वाचले. तुमच्या लंडनच्या यंत्रात हे पॉड बसतीलच असं नाही, तसंही ते यंत्र येत नाहीये, तेव्हा इथलं यंत्र घ्यावं लागेल.

आता कडू भाग. कोणताही फार्मसिस्ट 'आम्ही ठेवत नाही' म्हणू शकतो, आणि पुष्कळ जण म्हणतात. आमच्या पेशात याबद्दल राग आहे. यातलं एकही उत्पादन टीजीएने, म्हणजे इथल्या औषध नियामक संस्थेने, नोंदणीकृत औषध म्हणून मंजूर केलेलं नाही, आणि सरकारने ते आमच्या काउंटरवर आणून ठेवलं. देताना जबाबदारी आमची. मी स्वतः देते, कारण समोरचा माणूस नाहीतर तात्यांनी सांगितलेल्या दुकानात जाईल हे दिसतं. माझी सहकारी देत नाही, तिचंही मला पटतं.

म्हणून मेव्हण्याला आत्ताच कामाला लावा. तारनीट, वेरिबी, होपर्स क्रॉसिंग, जिथे जमेल तिथे फोन करून विचारायचं: चिठ्ठीशिवाय देता का, साठा आहे का, नसेल तर मागवायला किती दिवस. आणि तुम्ही उतरताय नाताळच्या तोंडावर. २५ आणि २६ डिसेंबर सार्वजनिक सुट्टी, बरीच दुकानं बंद नाहीतर अर्धा वेळ. २४ तारखेच्या संध्याकाळी शोधायला निघालात तर सासऱ्यांची टेस्ट तुम्ही पॅच खाजवत बघणार.

टेम्सकाठचा पेठकर
ताई, मनापासून आभार. मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणतो, "जिजाजी, मला वाटलं तुम्ही काहीच ओढत नाही." एक साक्षीदार वाढला.

एमसीजीत काय करायचं? दिवसभराचा खेळ आहे.

तारनीट तात्या
एमसीजीच्या आत नाही. अख्खं मैदान धूम्रपानमुक्त, त्यात वेप आलाच. पॅच लावून जा.

एरवीही सरळ हिशेब ठेवा, जिथे सिगारेट चालत नाही तिथे वेपही नाही. व्हिक्टोरियात रेल्वेचे प्लॅटफॉर्म, ट्रामच्या थांब्यावरच्या शेड, मुलांच्या खेळण्याच्या जागा, हॉटेलबाहेर जेवायला मांडलेली टेबलं, आणि समुद्रावर लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पट्टा, सगळीकडे बंदी. सिडनीला सार्वजनिक इमारतीच्या दारापासून ४ मीटर आणि मुलांच्या खेळण्यांपासून १० मीटर लांब. न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१५ पासून धूम्रपानाला बंदी आहे. ब्लू माउंटन्सच्या पायवाटांवर वेपला वेगळा न्याय मिळेल असं धरून चालू नका.

हॉटेलच्या खोलीत तर नकोच. माझ्याकडे येऊन गेलेल्या एका पाहुण्याने शहरातल्या हॉटेलात न्हाणीघरात गरम पाणी सोडून, पंखा लावून, दार लोटून दोन झुरके घेतले. शोधकाने वाफ पकडली. अग्निशमनची गाडी आली, पूर्ण मजला टॉवेल-पायजम्यांत जिन्याने खाली, आणि खोट्या इशाऱ्याचं बिल याच्या कार्डावर. हजार डॉलरच्या वर. त्यात खोली साफ करायचे वेगळे.

ग्रेट ओशन रोडला गाडी उन्हात लावून समुद्र बघायला उतराल. यंत्र डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नका. मेलबर्नला डिसेंबर-जानेवारीत एखादा दिवस चाळीसच्या वर जातो, आणि बंद गाडीत लिथियम बॅटरी शिजते. खिशात घ्या. सासूबाईंना दिसेल म्हणून गाडीत लपवाल, म्हणून मुद्दाम सांगतोय.

शुद्ध तुपातला
मी पुन्हा काही बोलत नाही. फक्त मोजतोय: लंडनला ठेवायचा, पुण्यात पॅच, विमानात पॅच, मैदानात पॅच, हॉटेलात नाही, डोंगरात नाही, सासूबाईंसमोर नाही.

अर्धा कप
तुपातल्यांनी मौनात बॅटिंग केली!

टेम्सकाठचा पेठकर
तुपातले, हे वाचून बायकोने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा.

अपडेट: मेव्हण्याने बरेच फोन केले, बहुतेकांनी नकार दिला. वेरिबीच्या एका फार्मसिस्टबाईंनी सांगितलं की २२ तारखेला स्वतः या, ओळखपत्र आणा, बोलू आणि मग ठरवू, आधीपासून शब्द देणार नाही. ते मला पटलं. नाही दिला तर पॅच आहेतच. तिकिटं सिंगापूरमार्गेच काढली, चौघांची एकत्र.

एक राहिलं. परत येताना उरलेल्याचं काय करू? पुन्हा सिंगापूर आणि मुंबई आहेच.

गोळीवाली
विमानतळाला निघायच्या आधीच निकाल लावा, बॅगेच्या कप्प्यात 'बघू नंतर' म्हणून ठेवू नका. यंत्र घरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, कचऱ्याच्या गाड्यांना लिथियम बॅटरीमुळे आगी लागतात. कौन्सिलच्या ई-कचरा केंद्रात वेप घेतात का ते मेव्हण्याला विचारायला सांगा, प्रत्येक कौन्सिलचं वेगळं असतं. रिकामे पॉडसुद्धा जॅकेटच्या खिशात राहतात, ते खिसे उलटे करून बघा. आणि मेव्हण्याला 'ठेव तुला' म्हणून देऊ नका, फार्मसिस्टने तुमच्या नावावर दिलेलं असतं ते.

चांगीचा चंद्या
जॅकेटच्या खिशाला +१. आणि सासूबाईंच्या पर्समध्ये लपवायची कल्पना कोणाच्या डोक्यात आली असेल तर ती तिथेच सोडा. बॅग ज्याची, दंड त्याला.

विहिणबाई
पेठकर, तुमच्या सासूबाईंना ठाऊक असणार. आम्हाला सगळं ठाऊक असतं. बरं, खोडरबर, ती २५ ग्रॅम माणशी ना? म्हणजे माझ्या वाट्याची २५ ह्यांच्यासाठी नेली तर चालेल का?

खोडरबर
काकू, तुमच्या वाट्याची तुमच्या बॅगेत, तुमच्या नावाने न्या. विचारलं तर 'माझी' म्हणायची तयारी ठेवा.

विहिणबाई
अगबाई. मग राहू दे.